पायथनचा प्रोग्राम सुरू व्हायलाच वेळ लागतो: कारण कसं शोधायचं आणि दुखणं परत येऊ नये म्हणून काय करायचं

लक्षणं ओळखीची आहेत. कमांड लाइनवरचं एक छोटं टूल, त्याला नुसती ‘--हेल्प’ दिली तरी पडद्यावर काही उमटायला सेकंद-दीड सेकंद जातो. पूर्वी ते झटकन उघडायचं. मधे टीममधल्या कुणीतरी दोन-तीन इम्पोर्ट (दुसरी मॉड्यूलं, म्हणजे कोडच्या फायली, आत घेणाऱ्या ओळी) हलवले, वेग परत आला, आणि पुढच्या काही रिलीजनंतर पुन्हा जैसे थे. हा प्रश्न एकदा सुटून संपत नाही, म्हणून या लेखात कारण शोधण्याइतकाच भर ते परत येऊ न देण्यावर आहे.

दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरला सुरुवातीचा एक सेकंद जाणवत नाही. पण गिटचे हुक, टॅब दाबल्यावर पुढचे शब्द सुचवणारी सोय, क्रॉनमधली मिनिटामिनिटाची कामं, टेस्टमधून सुरू होणाऱ्या उपप्रोसेस अशा सगळ्या ठिकाणी पायथन पुन्हा पुन्हा नव्याने उभा राहतो आणि तोच वेळ पुन्हा पुन्हा मोजावा लागतो. मर्क्युरिअल या पायथनमध्ये लिहिलेल्या व्हर्जन कंट्रोलला हे फार लवकर जाणवलं, कारण त्याच्या टेस्ट हजारो छोट्या प्रोसेस सुरू करतात. म्हणून त्यांनी मॉड्यूल गरज पडेल तेव्हाच लोड करणारी ‘डिमांडइम्पोर्ट’ नावाची स्वतःची व्यवस्था केली, आणि पुढे पायथनचा प्रोसेस आधीच तयार ठेवून त्याच्याशी बोलणारा ‘सीएचजी’ हा सी भाषेतला छोटा क्लायंटही आणला.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. बहुतेक वेळा इंटरप्रिटर हळू नसतो, त्याच्यावर चढवलेलं ओझं जड असतं. ते ओझं कुठलं, हे अंदाजाने ओळखता येत नाही. ज्या मॉड्यूलवर सगळ्यांचा संशय असतो ते बरेचदा निर्दोष निघतं.

एक व्यवहाराची सूचना. खालच्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या. पायथनच्या फ्लॅगमध्ये लहान आणि कॅपिटल अक्षरांचे अर्थ वेगळे असतात, म्हणून कॅपिटल हवं तिथे तसं म्हटलं आहे.

आधी तीन आकडे घ्या

पहिला आकडा रिकाम्या पायथनचा: ‘टाइम पायथन३ -सी पास’. दुसरा त्याच आज्ञेत कॅपिटल आय आणि कॅपिटल एस हे दोन फ्लॅग घालून. कॅपिटल आय म्हणजे वातावरणातली व्हेरिएबल आणि युजरचं स्वतःचं पॅकेज फोल्डर बाजूला ठेवून चालव. कॅपिटल एस म्हणजे ‘साइट’ हे मॉड्यूल आपोआप लोड करू नकोस. तिसरा आकडा तुमच्या टूलच्या ‘--हेल्प’चा.

प्रत्येक आज्ञा बऱ्याच वेळा चालवा आणि पहिल्या वेळचा आकडा बाजूला लिहून ठेवा. पहिल्या खेपेला फायली डिस्कवरून येतात, पुढच्या वेळी त्या ऑपरेटिंग सिस्टमच्या कॅशमध्ये असतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण त्यांची सरासरी काढून काहीच कळत नाही. ‘हायपरफाइन’ हे टूल याच कामासाठी आहे. त्याला ‘--वॉर्मअप’ दिलं की सुरुवातीच्या काही फेऱ्या ते मोजणीतून वगळतं.

हल्लीच्या बऱ्यापैकी लॅपटॉपवर लिनक्समध्ये रिकामा पायथन साधारण १० ते ३० मिलिसेकंदांत सुरू होऊन बंदही होतो. तुमचा पहिला आकडा याच्या आसपास असेल आणि तिसरा १,२०० असेल, तर इंटरप्रिटरला दोष देणं तिथेच थांबवा. पहिला आकडाच मोठा असेल आणि दुसरा लहान, तर गडबड ‘साइट’च्या टप्प्यावर आहे. दोन्ही मोठे असतील तर पायथनच्या बाहेर बघा.

‘टाइम’ तीन ओळी देतो: रिअल, युजर, सिस. यातलं अंतर वाचायची सवय लावून घ्या. रिअल दीड सेकंद आणि युजर अधिक सिस मिळून जेमतेम ०.२ सेकंद असेल, तर प्रोसेसर काम करत नव्हता, तो कशाची तरी वाट पाहत होता. दोन्ही जवळजवळ सारखे असतील तर खरंच काम चाललं होतं, आणि ते काम बहुधा इम्पोर्टचं किंवा कंपाइल करण्याचं असतं.

वाट पाहण्यात वेळ जात असेल तर

लिनक्सवर ‘एस-ट्रेस’ (strace) हे टूल प्रत्येक सिस्टम कॉल दाखवतं. त्याला ‘-आर’ दिलं की दोन कॉलमधलं अंतरही समोर येतं. टूल सुरू होतानाच ‘कनेक्ट’ दिसला, तर कुठलंतरी पॅकेज नेटवर्कवर जात आहे. नवी आवृत्ती आली आहे का हे तपासणं, वापराची माहिती पाठवणं, मशिनचं पूर्ण नाव डीएनएसला विचारणं, अशी कामं सुरुवातीच्या वाटेवर बसलेली आढळतात. ऑफिसच्या नेटवर्कवर ती खपून जातात, आणि घरून व्हीपीएन लावून बसलं की तेच टूल अडकतं. असं काम सुरुवातीला नकोच. करायचं असेल तर मूळ उत्तर दाखवून झाल्यावर, आणि दिवसातून एकदाच करा.

होम फोल्डर नेटवर्क ड्राइव्हवर असेल, जसं अनेक विद्यापीठांत आणि मोठ्या कंपन्यांत असतं, तर शेकडो छोट्या फायली उघडणं हेच महाग पडतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टची पॅकेजं वेगळी ठेवणारं फोल्डर, स्थानिक डिस्कवर हलवणं हा इथला खरा उपाय. मॉड्यूल कुठे शोधायची ते सांगणाऱ्या पायथनपाथ या व्हेरिएबलमध्ये अशा ड्राइव्हवरची फोल्डर रांगेत पुढे असतील तर नुकसान दुप्पट, कारण प्रत्येक मॉड्यूलसाठी शोध त्या रांगेच्या क्रमाने चालतो.

विंडोजवर अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना तपासतो. प्रोजेक्टचं फोल्डर त्यातून वगळता येतं, पण ऑफिसच्या मशिनवर ते आयटी विभागाला विचारूनच करा.

पायथनच्या अनेक आवृत्त्या सांभाळणारं ‘पायएन्व’ वापरणाऱ्यांनी एक खात्री करावी. तिथे ‘पायथन’ म्हणून जे चालतं तो प्रत्यक्षात बॅशचा शिम असतो. तो आधी कुठली आवृत्ती हवी ते ठरवतो आणि मग खऱ्या पायथनला हाक मारतो. ‘पायएन्व विच पायथन’ने खरा पाथ काढा आणि थेट तो चालवून मोजा. फरक मोठा निघाला तर स्क्रिप्ट आणि हुकमध्ये व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमधल्या पायथनचा पूर्ण पाथ द्या.

‘पायइन्स्टॉलर’ने एकच फाइल बनवून वाटली असेल, तर ती फाइल प्रत्येक वेळी सुरू होताना स्वतःला तात्पुरत्या फोल्डरमध्ये उलगडते. इथे इम्पोर्ट कितीही घासून-पुसून घ्या, उपयोग मर्यादितच. ‘--वनडिर’ने फोल्डरच्या रूपात बांधणी करा.

रिकामा पायथनच हळू असेल तर

सुरू होताना पायथन ‘साइट’ मॉड्यूल लोड करतो, आणि ते साइट-पॅकेजेस फोल्डरमधल्या ‘.पीटीएच’ फायली वाचतं. या फायलीत साधारणपणे पाथ असतात. पण जी ओळ ‘इम्पोर्ट’ या शब्दाने सुरू होते ती पाथ न मानता कोड म्हणून चालवली जाते, आणि ती त्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पायथन सुरू होईल तेव्हा प्रत्येक वेळी चालते. तुमच्या प्रोग्रामला त्या पॅकेजशी घेणं-देणं नसलं तरीही.

म्हणून साइट-पॅकेजेस उघडा आणि सगळ्या पीटीएच फायली एकेक करून वाचा. सेटअपटूल्सची ‘डिस्टयुटिल्स-प्रिसिडन्स’, जुन्या नेमस्पेस पॅकेजांच्या ‘-एनएसपीकेजी’ने संपणाऱ्या फायली, एडिटेबल इन्स्टॉलने ठेवलेल्या फायली हे नेहमीचे रहिवासी. एकटीदुकटी असेल तर तिचा भार जाणवत नाही. वर्षानुवर्षं एकाच एन्व्हायर्नमेंटमध्ये सगळं टाकत गेलेल्या मशिनवर मात्र त्यांची गर्दी झालेली असते. अशा वेळी एकेक फाइल पुसत बसू नका. एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवा आणि लागतील तीच पॅकेजं घाला.

‘साइटकस्टमाइझ’ आणि ‘युजरकस्टमाइझ’ ही दोन मॉड्यूलंही सापडली तर आपोआप लोड होतात. ऑफिसने मॉनिटरिंगसाठी असं काही बसवलेलं असू शकतं, तेही तपासा.

कॅपिटल एस हा फ्लॅग निदानासाठी आहे. तो कायमचा लावला तर साइट-पॅकेजेस सापडणारच नाही आणि टूल मोडेल.

इम्पोर्टचा हिशेब

बहुतेकांचं उत्तर इथे सापडतं. पायथन ३.७ मध्ये, म्हणजे २०१८ साली, ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ हा पर्याय आला. यातला एक्स कॅपिटल. तुमचं टूल त्याच्यासह चालवा. माहिती एररच्या प्रवाहात येते, म्हणून ती फाइलमध्ये वळवून घ्या आणि नंतर शांतपणे वाचा. प्रत्येक ओळीत तीन रकाने असतात: त्या मॉड्यूलचा स्वतःचा वेळ, त्याने आत ओढलेल्या सगळ्यांसकट एकूण वेळ, आणि नाव. आकडे मायक्रोसेकंदांत, म्हणजे ४,००,००० म्हणजे ०.४ सेकंद.

ओळी नेहमीच्या वाचनाच्या उलट क्रमाने येतात. आत ओढलेली मॉड्यूलं आधी छापली जातात आणि त्यांना ओढणारं त्यांच्या खाली. म्हणून फाइल तळापासून वर वाचा. दुसऱ्या रकान्याने सॉर्ट केलं की मोठी नावं वर येतात, पण कुणी कुणाला आत आणलं हे कळायला मूळ क्रम आणि ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा लागते. दोन्ही प्रती जवळ ठेवा.

आता यातला फसवा भाग. मॉड्यूल एकदाच लोड होतं, त्यामुळे त्याचा सगळा वेळ ज्याने ते पहिल्यांदा मागितलं त्याच्या नावावर चढतो. हॉटेलात पहिली ऑर्डर देणाऱ्याच्या नावावर अख्ख्या टेबलाचं बिल फाटावं, तसं हे आहे. समजा तुमच्या ‘कॉन्फिग’ मॉड्यूलच्या नावाखाली १५० मिलिसेकंद दिसले आणि त्यातले १२० ‘रिक्वेस्ट्स’चे निघाले. तुम्ही तिथून तो इम्पोर्ट काढला, आणि एकूण वेळ तसूभरही हलला नाही, कारण दोन ओळी खाली ‘क्लायंट’ मॉड्यूलही त्यालाच मागतं. आता बिल तिकडे लागलं, एवढंच. म्हणून एक इम्पोर्ट हलवला की लगेच पुन्हा मोजायचं, आणि त्या नावाचे उरलेले सगळे इम्पोर्ट कोडभर शोधायचे. ३.१४ पासून ‘इम्पोर्टटाइम=२’ असं लिहिता येतं; त्यात आधीच लोड झालेलं मॉड्यूल पुन्हा कुणी मागितलं तर तेही दिसतं, त्यामुळे हा शोध बराच सोपा झाला आहे.

सापडतं काय? पांडाज किंवा मॅटप्लॉटलिबसारखी मोठी नावं लगेच डोळ्यांत भरतात. ती एखाद्याच उपकमांडला लागतात, पण फाइलच्या डोक्यावर असल्यामुळे ‘--हेल्प’लाही लोड होतात. त्याहून त्रासदायक असतात ती निरुपद्रवी दिसणारी. ‘पीकेजी रिसोर्सेस’ हे जुन्या सेटअपटूल्सचं मॉड्यूल लोड होतानाच एन्व्हायर्नमेंटमधल्या सगळ्या पॅकेजांची झडती घेतं. ते दिसलं की काढाच. त्याच्या जागी आलेलं ‘इम्पोर्टलिब.मेटाडेटा’ हलकं आहे, पण नुसती स्वतःची आवृत्ती सांगण्यासाठी पॅकेजच्या ‘इनिट’ फाइलमध्ये ते वापरलं तर ईमेल वाचणाऱ्या मॉड्यूलसकट बराच गोतावळा आत येतो. आवृत्ती विचारली गेली तरच ते इम्पोर्ट करा.

काही वेळा पहिला, म्हणजे मॉड्यूलचा स्वतःचा वेळच मोठा असतो. मग त्या फाइलच्या सर्वांत बाहेरच्या पातळीवर काय चाललं आहे ते बघा. रेग्युलर एक्सप्रेशन तिथे कंपाइल केली असतील तर ते काम दर वेळी नव्याने होतं. पायथनच्या बाइटकोड फाइलमध्ये, म्हणजे कंपाइल करून साठवलेल्या कोडमध्ये, त्याचा परिणाम साठवला जात नाही. डेटाक्लास प्रत्येक क्लाससाठी सुरुवातीलाच कोड तयार करून चालवतो. असे दोन-तीनशे क्लास असतील तर ते जाणवतं. हा प्रश्न खुद्द पायथनच्या गाभ्यातही होता. ‘नेमडटपल’ प्रत्येक नव्या प्रकारासाठी कोडचा मजकूर बनवून चालवायचा, त्यावर २०१७ साली पायथनच्या विकासकांमध्ये मोठी चर्चा झाली, आणि ३.७ मध्ये नेमडटपल बनवणं ४ ते ६ पट वेगवान झालं.

उपाय साधा आहे: जड इम्पोर्ट वापर असेल त्या फंक्शनच्या आत न्या. टाइप हिंटसाठीच लागणारे इम्पोर्ट ‘टाइप चेकिंग’च्या अटीखाली ठेवा. लायब्ररी लिहीत असाल तर ३.७ पासून मॉड्यूललाही ‘गेटअ‍ॅटर’ची सोय देता येते, मग नाव मागितलं जाईपर्यंत आतलं मॉड्यूल लोड होत नाही आणि वापरणाऱ्याच्या कोडमध्ये काही बदलावं लागत नाही.

पण हे सरसकट करू नका. उशिरा इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलमधली चूकही उशिरा कळते. पॅकेज बसवलेलंच नाही हे रात्री एखाद्या आडवाटेच्या कमांडला समजतं. दिवसभर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये तर सगळं सुरुवातीलाच लोड झालेलं बरं, नाहीतर पहिल्या ग्राहकाच्या विनंतीला तो वेळ सोसावा लागतो. आणि फोर्क करून, म्हणजे चालू प्रोसेसची प्रत काढून, वर्कर उभे करणाऱ्या सर्व्हरमध्ये आधी लोड केलेली मेमरी वर्कर वाटून घेतात, तो फायदाही जातो. अल्पायुषी प्रोग्रामसाठीच हा मार्ग ठेवा.

भाषेतही यावर काम झालं आहे. सगळेच इम्पोर्ट आळशी करता यावेत हा २०२२ चा पेप ६९० (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलाचा औपचारिक प्रस्ताव) पायथनच्या सुकाणू समितीने नाकारला. त्यानंतर आलेला पेप ८१० वेगळा आहे: जिथे हवं तिथेच ‘लेझी इम्पोर्ट’ असं स्पष्ट लिहायचं. तो २०२५ साली पायथन ३.१५ साठी स्वीकारला गेला. मला हाच मार्ग योग्य वाटतो, कारण कोड वाचणाऱ्याला कुठला इम्पोर्ट पुढे ढकलला आहे ते त्या ओळीतच दिसतं.

कंटेनरमध्येच हळू, लॅपटॉपवर ठीक

इथे संशयित ठरलेला: बाइटकोड. पायथन इम्पोर्ट केलेली फाइल कंपाइल करून ‘पायकॅश’ फोल्डरमध्ये ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच वापरतो. ते फोल्डर लिहिता आलं नाही, तर कंपाइल करणं दर वेळी नव्याने. डॉकरफाइलमध्ये ‘पायथनडोन्टराइटबाइटकोड’ हे व्हेरिएबल १ करून ठेवायची पद्धत फार पसरली आहे. एकीकडून दुसरीकडे चिकटवताना तिचा परिणाम कुणी बघत नाही. फक्त वाचता येणारी फाइल सिस्टम किंवा रूटने बसवलेली पॅकेजं साध्या युजरने चालवणं, यातूनही तेच होतं. पॅकेज बसवणाऱ्या टूलपैकी पिप ते बसवतानाच बाइटकोड बनवतो, पण ‘युव्ही’ आपणहून बनवत नाही. त्याला ‘--कम्पाइल-बाइटकोड’ सांगावं लागतं. पिपवरून युव्हीवर आल्यावर कंटेनर सुरू व्हायला वेळ लागू लागला, तर आधी हेच बघा.

खात्री करायला ‘पायथन३ -व्ही’ने चालवा. ‘कोड ऑब्जेक्ट फ्रॉम’ या शब्दांपुढे ‘.पीवायसी’ने संपणारी फाइल दिसली तर साठवलेला बाइटकोड वापरला गेला, नुसती ‘.पीवाय’ दिसली तर तिथे नव्याने कंपाइल झालं. उपाय: इमेज बांधतानाच ‘पायथन३ -एम कम्पाइलऑल’ चालवा. हा बाइटकोड मूळ फाइलची वेळ आणि आकार जुळला तरच वैध धरला जातो, म्हणून कंपाइल केल्यावर फायलींची वेळ बदलणारी पायरी ठेवू नका. ती टाळता येत नसेल तर ‘--इनव्हॅलिडेशन-मोड अनचेक्ड-हॅश’ द्या. मग तपासणी होतच नाही, त्यामुळे ज्या फायली बदलणार नाहीत त्यांच्यासाठीच तो वापरा.

आणखी एक. जी फाइल थेट चालवली जाते तिचा बाइटकोड कधीच साठवला जात नाही. चार हजार ओळींची स्क्रिप्ट असेल तर ती दर वेळी पूर्ण कंपाइल होते. मजकूर मॉड्यूलमध्ये हलवा आणि स्क्रिप्टमध्ये इम्पोर्ट करून फंक्शन बोलावण्यापुरत्या ओळी ठेवा.

पायथनची आवृत्ती वाढवूनही थोडं मिळतं. ३.११ मध्ये सुरुवातीला लागणारी मॉड्यूलं इंटरप्रिटरमध्येच गोठवून ठेवली गेली आणि सुरुवात १० ते १५ टक्के वेगवान झाली. पण ती टक्केवारी रिकाम्या पायथनची. तुमचे १,१०० मिलिसेकंद इम्पोर्टमध्ये जात असतील तर तिचा भरवसा धरू नका.

दुखणं परत येऊ नये म्हणून

वेळ मोजणारी टेस्ट लिहायचा मोह होतो: ‘--हेल्प’ ३०० मिलिसेकंदांत आली नाही तर नापास. सामायिक सीआय मशिनवर, म्हणजे प्रत्येक बदलानंतर टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशिनवर, वेळ इतका वर-खाली होतो की ती टेस्ट विनाकारण नापास होते, मग मर्यादा वाढवली जाते, आणि काही काळाने ती कशालाच अडवत नाही.

त्याऐवजी नावं तपासा. टेस्टमध्ये नव्या उपप्रोसेसमध्ये पायथन सुरू करा, त्यात तुमच्या टूलचं मुख्य मॉड्यूल इम्पोर्ट करा, आणि ‘सिस.मॉड्यूल्स’मधली नावं छापून घ्या. त्या यादीत पांडाज, मॅटप्लॉटलिब, रिक्वेस्ट्स, पीकेजी रिसोर्सेस यांपैकी काही आढळलं तर टेस्ट नापास. उपप्रोसेस हवाच, पायटेस्टच्या स्वतःच्या प्रोसेसमध्ये इतर टेस्टनी ही मॉड्यूलं केव्हाच लोड केलेली असतात. ही टेस्ट मशिन हळू असलं तरी डगमगत नाही, आणि नापास होते तेव्हा नेमकं नाव सांगते. संदेशातच ‘-एक्स इम्पोर्टटाइम’ची पूर्ण आज्ञा लिहून ठेवा, म्हणजे नवीन माणसालाही ते नाव कुठून आत आलं ते लगेच काढता येईल.

जोडीला लोड झालेल्या एकूण मॉड्यूलांच्या संख्येवर एक मर्यादा लावा, आजच्या आकड्यापेक्षा थोडी वर. बंदीच्या यादीत नसलेलं एखादं नवं पॅकेज सोबत पन्नास मॉड्यूलं घेऊन आलं तर ते इथे अडकतं. पायथनची आवृत्ती बदलली की हा आकडा हलतो, तेव्हा तो नव्याने बसवावा लागतो. बंदीची यादी आहे तशी पुढे चालते.